एक्केचाळीस हंडे जास्त

ज्या साली गोदूबाई वैशाखात गेली आणि त्यापायी तिच्या धाकट्या मुलाचं ठरलेलं लग्न वर्षभर लांबलं, ते साल एकोणीसशे सहासष्ट. गोदूबाई कऱ्हाडकडची. तिचा नवरा मारुती कधीच गेलेला. शेवटच्या दिवशी तिनं थोरल्या मुलाचा, भगवंताचा, हात धरला आणि एवढंच म्हणाली, "आनंदाला संभाळ. त्यो अजून अल्लड हाय."

भगवंतानं मान हलवली. आईला दिलेला शब्द माणूस इतर शब्दांसारखा विसरत नाही. दिवसकार्य आटोपल्यावर त्यानं दोन गोष्टी गावाकडून बोईसरला आणल्या. एक भाऊ, दुसरी आईची तांब्याची घागर. घागरीच्या गळ्याखाली टिंबाटिंबांनी बापाचं नाव कोरलेलं होतं, 'मारुती'. भगवंताची बायको रखमाबाई ती घागर चिंचेनं लख्ख घासून घडवंचीवर ठेवायची आणि पहिला तांब्या सासूच्या नावानं तुळशीला घालायची.

भगवंत पाणीखात्यात ओव्हरसियर होता. त्या दिवसांत तारापूरला विजेच्या केंद्राचं बांधकाम चाललेलं, बोईसरात देशभरची माणसं येऊन पडलेली, चहाच्या टपरीवर मराठीपेक्षा हिंदी जास्त. माणसं वाढली आणि विहिरींचं पाणी मचूळ व्हायला लागलं. तेव्हा वरून विचारणा आली, की समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करायचा कारखाना किनाऱ्यावर काढला तर तो केवढा लागेल? आसपासच्या सात गावांना रोज किती पाणी लागतं, त्याचा अंदाज करा. सगळ्यात जास्त उपसा कोणत्या तासाला होतो ते काढा. गळती किती धरायची ते ठरवा. मग त्या आकड्याची तिप्पट करा, कारण एक गॅलन गोडं हवं तर तीन गॅलन खारं ओढावं लागतं आणि उरलेलं दोन गॅलन अधिक खारट करून समुद्रालाच परत द्यावं लागतं. शेवटी, खारं पाणी ओढायचा नळ समुद्रात कुठं आणि किती खोल टाकायचा ते मोजा.

जमिनीवरचा हिशेब भगवंताकडे आला. समुद्रातल्या खोलीची मापं घ्यायला मोजणीच्या तुकडीवर एक खलाशी हवा होता. साहेबांनी विचारलं, "पोहता येणारं कोणी आहे का?" भगवंताच्या तोंडून निघून गेलं, "माझा भाऊ कृष्णेच्या पुरात उड्या मारतो." तसा आनंदा होडीवर लागला. आणि त्या दिवसापासून भगवंताच्या जिवाला घोर लागला. भाऊ संध्याकाळी ओले पाय घेऊन दारात दिसेपर्यंत त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

"दादा, तुला साधं डबक्यात पोहता येत न्हाई, म्हणून तुला भ्या वाटतं," आनंदा हसायचा.

"मला येत न्हाई म्हणूनच मी कोरड्यात काम करतो. तू पण शहाणा हो."

सहा गावं मोजून झाली. सातवं गाव म्हणजे सुरूपाडा. खाडीच्या तोंडाशी, सुरूच्या झाडांआड, अडतीस घरांची मच्छीमारांची वस्ती. दोनशे सहा माणसं. एकच गोडी विहीर.

पाणी मोजायची भगवंताची रीत सोपी होती. विहिरीवर गावातलाच एक भरवशाचा माणूस बसवायचा. त्याला लिहिता येवो न येवो, मूठभर चिंचोके द्यायचे आणि एक डबा. हंडा भरून निघाला की चिंचोका डब्यात. संध्याकाळी चिंचोके मोजायचे. तिकडे भगवंत स्वतः घरोघर फिरून कुणाकडे किती हंडे आले ते लिहायचा. विहिरीतून निघालेलं आणि घरात पोचलेलं यांत पाच-दहा हंड्यांचा फरक पडतोच. कुणी वाटेत पाय धुतो, कुणाचा हंडा हिंदकळतो. त्याला तो गळती म्हणायचा.

सुरूपाड्यात विहिरीवर धर्माजी तांडेल बसला. साठीचा माणूस, एक पाय अधू, पण अजून सुकाणूवर बसायचा. पहिल्या दिवशी विहिरीतून चारशे त्रेपन्न हंडे निघाले. घरात पोचले चारशे बारा. एक्केचाळीस कमी. दुसऱ्या दिवशी घरातला आकडा थोडा हलला, विहिरीतला तेवढाच हलला, फरक एक्केचाळीसच. भगवंताला ते खटकलं. गळती रोज वेगळी असते. एवढी नेमकी गळती त्यानं कधी पाहिली नव्हती.

"धर्माजी, चिंचोके खाता की काय?"

"दात कुठं हायेत चावायला?" म्हातारा म्हणाला. "एक्केचाळीस हंडे दर्यावर जातात, ओरसेर साहेब. तुमी घरात शोधताव, ते घरात कसे गावतील?"

त्या संध्याकाळी भगवंत थांबला. दिवस बुडायच्या बेताला बायका विहिरीवर पुन्हा आल्या. हसणं नाही, बोलणं नाही. एकेक हंडा भरून त्या सुरूतून किनाऱ्याकडे गेल्या आणि भरतीची रेघ जिथपर्यंत येते तिच्यावरच्या सुक्या वाळूत ओळीनं हंडे ठेवून, तोंडं उघडी टाकून, मागं न बघता परतल्या. ज्यांचं माणूस समुद्रानं नेलं आणि परत दिलं नाही, त्यांच्या नावानं हा हंडा. कुणाच्या नवऱ्याचा, कुणाच्या आजोबाचा. घरात बाई उरली नसेल तर शेजारीण ठेवायची.

साखरबाई नावाची एक विधवा होती. तिचे दोन हंडे, एक नवऱ्याचा, एक दिराचा. भगवंतानं तिला विचारलं, "वयनी, एवढं पाणी वाळूत घालायचं?"

"वाळूत नाय, भाऊ. चारी बाजूला खारं. त्यांनी पिवाचा काय?"

"आणि सकाळी?"

"सकाळी रिकामे आणतो."

भगवंतानं वहीत लिहिलं: कुत्री, खेकडे, वारा, झिरपण. पण त्याचं त्यालाच ते पटेना. त्यानं धर्माजीच्या पडवीत मुक्काम केला आणि दुसऱ्या संध्याकाळी स्वतः एक हंडा भरून त्या ओळीत, बरोबर मध्ये, ठेवला. उजाडताच जाऊन पाहिलं. एक्केचाळीस हंडे आतून कोरडे ठणठणीत. वाळू ओली नव्हती. जवळपास पायाचा ठसा नव्हता, ना माणसाचा ना जनावराचा. आणि त्याचा स्वतःचा हंडा काठोकाठ भरलेला. वर सुरूची एक काडी तरंगत होती.

साखरबाई आपले हंडे उचलायला आली होती. तिनं त्याच्या हंड्यात वाकून पाहिलं आणि पदराआड हसली. "तुमचं कोण हाय तिथं? कोणी नाय. मंग तुमचा पानी कोण पिल?"

भगवंतही हसला. पण तो भरलेला हंडा त्यानं तिथं क्षणभरही ठेवला नाही, उचलून ओतून दिला.

आता पेच पडला तो वेगळाच. नळ आले की विहीर बुजवायची, असं ठरलं होतं. मग अंदाजात जे पाणी नाही ते सुरूपाड्याला मिळणार नाही.

"लिवा ना," धर्माजी म्हणाला. "एक्केचाळीस मानसांचा पानी."

"कोणत्या रकान्यात लिहू? पिण्याचं, गुराढोरांचं, बागायतीचं असे रकाने आहेत. मेलेल्यांचा रकाना कुठाय?"

"मंग तुमचा कागदच अपुरा हाय."

भगवंतानं बराच विचार केला आणि शेवटी 'इतर वापर' असा रकाना आखून त्यात एक्केचाळीस हंडे धरले. हंडा तीन गॅलनचा, म्हणजे एकशे तेवीस गॅलन. त्याच्या तिप्पट खारं पाणी. आकडे मांडताना त्याला वाटलं, की आपण त्यांना एक हंडा पाजायला त्यांच्याच अंगावरचं तीन हंडे पाणी ओढणार आहोत. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्यानं रेघ मारली आणि पुढं गेला. चांगल्या अंदाजाला सात दिवसांची मोजणी लागते, म्हणून त्यानं धर्माजीला आणखी एक डबा दिला. घराकडे जाणाऱ्या हंड्यांचे चिंचोके एका डब्यात, दर्याकडे जाणाऱ्यांचे दुसऱ्यात.

सहा दिवस दुसऱ्या डब्यात एक्केचाळीसच निघाले.

सातवा दिवस रविवार होता. भगवंत घरोघरची मोजणी आटोपून दुपारीच सायकलनं बोईसरला परतला होता. सोमवारी सकाळी चिंचोके घ्यायला तो आला, तर धर्माजी विहिरीच्या कट्ट्यावर डबा मांडीवर घेऊन बसलेला. रोजच्यासारखी थट्टा नाही. भगवंतानं दर्याचा डबा उपडा केला. बेचाळीस.

"एक चुकून जास्त पडला," भगवंत म्हणाला.

"माजा चिंचोका चुकत नाय."

"मग कुणी दोन नेले असतील."

"सगल्यांना विचारला. आपापलेच नेले." धर्माजीनं घसा खाकरला. "मागाहून एक म्हातारी आलेली. वलखीची नाय. तुमच्यासारखी घाटावरची वाटली, कासोटा तसाच. कपालाला कुंकू नाय. म्या विचारला, कुनाकडली गो तू? तर म्हनाली, पोरासाठी नेते. पानी भरला न् गेली. येताना मातर दिसली नाय."

"भांडं कसलं होतं?"

"हंडा नव्हता. चला, दाखवतो. अजून तिथंच हाय. बायकांनी आपापले नेले, पन त्याला कोनी हात लावीत नाय."

सकाळचं ऊन सुरूच्या शेंड्यांवर आलं होतं. वाळूत एक्केचाळीस हंड्यांच्या बुडाचे गोल वळ उठले होते, आणि ओळीच्या टोकाला एकटी तांब्याची घागर उभी होती. लख्ख घासलेली. भगवंत जवळ गेला. गळ्याखाली टिंबाटिंबांनी नाव होतं, मारुती. त्यानं आत पाहिलं. थेंब नव्हता.

त्यानं नावावरून बोट फिरवलं.

"कुनाची?" धर्माजीनं हळूच विचारलं.

"माझ्या बापाची. आईनं वापरलेली." भगवंत म्हणाला. "आई वैशाखात गेली."

धर्माजी घागरीभोवती एक फेरी मारून आला. मग म्हणाला, "बापाला पोरं किती?"

पण भगवंतानं ते ऐकलंच नाही. तो सायकलकडे पळत सुटला होता.

बोईसरला खोलीत शिरला तेव्हा रखमाबाई भाकऱ्या थापत होती. घडवंचीवर घागरीची जागा रिकामी.

"घागर कुठाय?"

"मलाच काय विचारताय? सकाळी तुम्ही गेल्यावर बघते, तर न्हाई. म्हटलं तुम्हीच नेली पाणी मोजायला. तुम्हाला हल्ली हंड्यांशिवाय सुचतंय काय?"

"आनंदा कुठाय?"

"होडी बघायला गेलाय. उद्या म्हणे मोठी ओहोटी हाय, पहाटे निघायचंय."

तेव्हा भगवंताला आठवलं. सोमवारी अमावस्या, मंगळवारी सकाळी उधाणाची ओहोटी. नळाचं तोंड मोठ्यात मोठ्या ओहोटीतही उघडं पडता कामा नये, म्हणून त्याच वेळेला खडकाबाहेरची खोली मोजायची, असं त्यानं स्वतःच लिहून दिलं होतं. होडी सुरूपाड्याची. सुकाणूवर धर्माजी, वल्ह्यावर त्याचा पुतण्या जिवल्या, आणि शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायला आनंदा.

पोरासाठी नेते.

संध्याकाळी आनंदा शीळ घालत आला. भगवंतानं त्याला समोर बसवलं.

"उद्या तू होडीवर जायचं न्हाई. कागद घेऊन पालघरला हपिसात जा. साहेबांच्या हातात दे आणि पोच घे."

"कागद परवा दिले तर काय बिघडतंय? ओहोटी परवा थांबणार हाय व्हय?"

"दोरी मी सोडीन."

आनंदा आधी हसला, मग भावाचा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं. "दादा, तुला पोहता येत न्हाई."

"होडीत बसून दोरी सोडायला पोहावं लागत न्हाई. धर्माजी हाय, जिवल्या हाय."

"मग मला का नको?"

भगवंताला सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर आनंदा हसला असता आणि मुद्दाम गेला असता. म्हणून तो आयुष्यात पहिल्यांदा धाकट्यावर ओरडला. "मी सांगतोय म्हणून! आईच्या माघारी मी तुझा थोरला हाय की न्हाई?"

"हायस," आनंदा म्हणाला. "एवढं वरडायला नको." तो रुसून भिंतीकडे तोंड करून बसला. रखमाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं आणि ती चुलीकडं वळली.

जेवणाआधी भगवंतानं अंदाजाचा तक्ता शेवटचा लिहून काढला. इतर वापराच्या रकान्यात सात दिवसांचे आकडे होते. सहा वेळा एक्केचाळीस, एकदा बेचाळीस. असा एकच आकडा वेगळा आला तर तो मोजणाऱ्याची चूक समजून टाकून द्यायचा, अशी खात्याची रीत. त्यानं बेचाळीसवर रेघ मारली. ती रेघ मारताना त्याला इतकं हलकं वाटलं, जणू जे घडायचं होतं त्याच्यावरच रेघ मारली. आनंदा उद्या कोरड्या जमिनीवर असेल, पालघरच्या हपिसात बाकड्यावर बसलेला. मग पाणी कुणाला नेणार?

मंगळवारी सकाळी झुंजुमुंजू होताना आनंदाला पालघरच्या वाटेला लावून भगवंत सुरूपाड्यात पोचला. धर्माजीनं त्याला होडीजवळ बघितलं आणि तोंडातली विडी काढली.

"तुमी? धाकला कुठं हाय?"

"त्याला पालघरला धाडलं. तो आता पाण्याच्या जवळ फिरकणार नाही."

धर्माजीनं मान खाली घातली. "साहेब, आज नको जाऊ. पुढल्या उधानाला मोजू."

"पुढल्या उधाणाला आनंदा पुन्हा हट्ट करील. एकदा माप माझ्या हातानं वहीत आलं, की त्याचं होडीवरचं काम संपलं. चला."

म्हाताऱ्यानं पुतण्याकडं पाहिलं. पुतण्या म्हणाला, "दर्या कसा ताटासारखा हाय, काका. लाटच नाय."

खरंच लाट नव्हती. समुद्र इतका मागं हटला होता, की एरवी कधी न दिसणारे काळे खडक शेवाळ घेऊन बाहेर आले होते. होडी त्यांच्या पलीकडे गेली. वारा नाही, पाखरू नाही. वल्ह्याचा तेवढा आवाज. भगवंतानं आयुष्यात पहिल्यांदा एवढं पाणी आपल्या खाली अनुभवलं, आणि त्याला भीती वाटली नाही याचंच त्याला नवल वाटलं. आईला दिलेला शब्द पाळला होता. जीव निवांत होता.

त्यानं दोरी सोडली. शिसं तळाला टेकलं. ओली खूण बघून त्यानं वहीत लिहिलं, अठरा फूट. पुन्हा एकदा सोडली. अठराच. काम झालं होतं.

"फिरवा," तो म्हणाला. आणि तेवढ्यात त्याला तहान लागली.

ती साधी तहान नव्हती. जीभ टाळूला चिकटली, घसा आतून वाळूनं भरल्यासारखा झाला. डिसेंबरातली गार सकाळ, आणि त्याला वाटलं आपण सात दिवस पाणी बघितलेलं नाही.

"जिवल्या, पाणी दे."

जिवल्यानं होडीतला माठ उचलला, तिरका केला. काही आलं नाही. त्यानं आत हात घातला. "काका, माठ सुका हाय."

"असा कसा?" धर्माजी म्हणाला. "म्या सोता भरला. निघताना काठोकाठ भरला."

तिघेही त्या माठाकडे बघत राहिले. माठ फुटला नव्हता. खाली होडीचा तळ कोरडा होता.

धर्माजीचा चेहरा राखेसारखा झाला. "जिवल्या, वल्हव. जोरात वल्हव. साहेब, तुमी मदी बसा, फळीला धरा, पान्याकडं बघू नको."

भगवंत मध्ये सरकला. फळीला घट्ट धरली. आणि तेव्हा, काल किनाऱ्यावर न ऐकलेला म्हाताऱ्याचा प्रश्न त्याच्या कानात आपोआप उमटला. बापाला पोरं किती? दोन, त्यानं मनातल्या मनात उत्तर दिलं. दोन. घागरीवर नाव बापाचं होतं. पोरांपैकी कुणाचंच नव्हतं.

"धर्माजी," तो म्हणाला, "ती म्हातारी रडत होती का हो?"

"नाय," धर्माजी म्हणाला. "घाईत होती."

भगवंताला ते बरं वाटलं की वाईट, हे कळायला वेळ मिळाला नाही. लाट आली ती कुठून, ते धर्माजीला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. चाळीस वर्षं सुकाणूवर काढलेला माणूस, पण तो एवढंच म्हणायचा, की समुद्र सपाट होता आणि एकच लाट उभी राहिली, होडीएवढीच रुंद. होडी कलंडली आणि पुन्हा सरळ झाली. जिवल्या वल्ह्याला लटकून राहिला, धर्माजी सुकाणूला. मधली फळी जागच्या जागी होती. जिवल्यानं चार वेळा बुड्या मारल्या. तळ अठरा फुटांवर होता, पाणी स्वच्छ होतं, तळाची वाळू दिसत होती. वाळूवर कुणी नव्हतं.

त्याच वेळी आनंदा पालघरच्या हपिसात बाकड्यावर बसून साहेबांची वाट बघत होता. कागदांची पोच घेऊन तो संध्याकाळी बोईसरला आला, तेव्हा दारात माणसं जमलेली होती.

भगवंत मारुती शेवाळे, वय छत्तीस, मंगळवार दिनांक तेरा डिसेंबर एकोणीसशे सहासष्ट रोजी सकाळी सातच्या सुमारास सुरूपाड्याच्या खडकाबाहेर समुद्रात बुडून मेला. प्रेत मिळालं नाही.